तेलात पाणी कुठून आलं?

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तळोजा एमआयडीसीतल्या कुठल्याही शेडमध्ये डोकावून बघा. पाइप लावून यंत्रं धुतली जात असतात, वर्षभराचा चिकटा खरवडून निघत असतो, कुठे रंगाचा नवा हात चढत असतो. दुसऱ्या दिवशी झेंडूची माळ, हळदकुंकू, नारळ. ओवे गावातून, ओवे कॅम्पातून, खारघरच्या मागच्या सेक्टरांतून पाळीला येणाऱ्या माणसांचा हा मानाचा दिवस. पण पूजा आटोपून काही दिवस होतात न होतात तोच एखादा गिअरबॉक्स घरघरायला लागतो. झाकण उघडावं, तर आतलं तेल दुधी झालेलं. फिटर वैतागतो, "अहो, गणपतीच्या आधीच तर तेल बदललंय!" खरंच बदललेलं असतं. मग पाणी आलं कुठून?

या एका प्रश्नाचा माग काढत गेलं की वंगणाचं बरंचसं शास्त्र आपोआप हाती लागतं. यंत्रातलं तेल वापरून झिजतं त्याहून जास्त ते आपल्या हातून बिघडतं, असं माझं ठाम मत आहे. पाणी, धूळ, उष्णता आणि भलत्याच तेलाची सरमिसळ ही चार कारणं आवरली, तर तेच तेल ठरलेल्या तारखेच्या कितीतरी पुढे चालतं आणि बेअरिंगही टिकतं.

धातूला धातू लागतच नाही

तेल घातलं की यंत्र हलकं फिरतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण आत होतं काय? जुलैच्या धो धो पावसात सायन-पनवेल महामार्गावर वेगात चाललेली गाडी कधी कधी अचानक हलकी लागते. स्टिअरिंग फिरवलं तरी चाकं ऐकत नाहीत. चाकापुढच्या पाण्याला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. ते पाचर होऊन चाकाखाली घुसतं आणि गाडीला रस्त्यावरून उचलून धरतं. रस्त्यावर हा प्रकार जीवघेणा, पण बेअरिंगमध्ये नेमका हाच हवा असतो. फिरणारा शाफ्ट तेलाला आपल्याबरोबर ओढून निमुळत्या फटीत नेतो, तिथे तेलाचा दाब चढतो आणि अवजड शाफ्ट तेलावर तरंगू लागतो.

हे पहिल्यांदा उघड झालं ते अपघातानेच. १८८३ साली इंग्लंडमध्ये बीचम टॉवर हे अभियंते रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. तेल सोडण्यासाठी त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं, तर यंत्र चालू होताच तेल आत जायच्या ऐवजी त्या भोकातून वर येऊ लागलं. त्यांनी बूच ठोकलं, ते बाहेर फेकलं गेलं. लाकडी खुंटी मारली, तीही उडाली. शेवटी दाबमापक लावला तेव्हा तेलाचा दाब बेअरिंगवरच्या सरासरी भाराच्या दुपटीला पोचलेला दिसला. तीनच वर्षांनी, १८८६ मध्ये, ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी त्यामागचं गणित मांडलं. आजही बेअरिंगची रचना त्याच गणितावर होते.

हा तेलाचा थर किती जाड असतो, हे कळलं की पुढचं सगळं समजायला सोपं जातं. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा. बॉल बेअरिंगमध्ये गोळी आणि कडी यांच्यामधला तेलाचा थर बहुतेक वेळा एका मायक्रॉनच्याही आत असतो. यंत्राचं सगळं आयुष्य या थरावर तोललेलं आहे. यंत्र सुरू होताना आणि थांबताना वेग कमी पडतो, थर तुटतो आणि धातू धातूला टेकतो. त्या क्षणांसाठी तेलात झीज रोखणारी रसायनं घातलेली असतात. ती पृष्ठभागावर बारीक कवच धरतात आणि धातूऐवजी स्वतः झिजतात. तेल नुसतं तेल नसतं ते यामुळे, आणि ही रसायनं संपली की तेल दिसायला चांगलं असूनही कुचकामी ठरतं.

चौकट: ड्रमवरचा आकडा काय सांगतो?

*कारखान्यात "६८ नंबरचं आण" असं सांगतात. हा आकडा म्हणजे ४० अंश सेल्सिअसला तेल किती दाट आहे त्याचं माप, सेंटिस्टोक या एककात. ६८ नंबरचं तेल ६८ च्या आसपास, दहा टक्के इकडे-तिकडे. साध्या तपमानाच्या पाण्याचं हेच माप सुमारे १ भरतं. हायड्रॉलिकला बहुधा ४६ किंवा ६८, गिअरबॉक्सला २२० किंवा ३२०. वेग जास्त तिथे पातळ तेल. भार जास्त आणि वेग कमी तिथे दाट.*

*आकडा दाटपणाचा आहे, दर्जाचा किंवा जातीचा नाही. हायड्रॉलिकचं ६८ आणि शीतगृहाच्या कॉम्प्रेसरचं ६८ ही दोन वेगळी तेलं आहेत. एकाच्या जागी दुसरं चालत नाही.*

पाण्याच्या तीन वाटा

पहिली वाट श्वासाची. गिअरबॉक्सच्या आणि हायड्रॉलिक टाकीच्या डोक्यावर एक छोटी टोपी असते, तिला ब्रीदर म्हणतात. यंत्र चाललं की तेल आणि त्यावरची हवा तापते, फुगते आणि ब्रीदरमधून बाहेर जाते. पाळी संपून यंत्र गार झालं की आतली हवा आकसते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. पनवेल भागात जून ते सप्टेंबर त्या हवेत बाष्प ठासून भरलेलं असतं. रात्री टाकीचा पत्रा गार पडला की ते आतल्या बाजूने थेंबाथेंबाने जमतं आणि तेलात टपकतं. म्हणून तिन्ही पाळ्या अखंड चालणाऱ्या यंत्रापेक्षा दिवसा चालून रात्री थांबणाऱ्या यंत्राच्या तेलात पाणी जास्त साठतं.

यावरचा उपाय तुम्ही रस्त्याकडेला पाहिलेला आहे. महावितरणच्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरला निळ्या दाण्यांची काचेची बरणी लटकवलेली असते. ते दाणे सिलिका जेलचे. ट्रान्सफॉर्मरने ओढलेली हवा त्या दाण्यांतून जाते आणि बाष्प तिथेच अडतं. दाणे भिजले की निळ्याचे गुलाबी होतात. नव्या प्रकारचे दाणे नारिंगीचे हिरवे होतात. असाच ब्रीदर गिअरबॉक्सला आणि हायड्रॉलिक टाकीलाही बसवता येतो. मात्र उन्हाळ्यात कित्येक महिने टिकणारे दाणे पावसाळ्यात फार लवकर भिजतात. दाण्यांचा रंग बघणं हे तिथे रोजच्या फेरीतलं काम हवं.

दुसरी वाट ड्रमची, आणि ही फारच थोड्यांच्या ध्यानात येते. २१० लिटरचा सीलबंद ड्रम उघड्यावर उभा ठेवलेला असतो. त्याच्या माथ्याला उभी कड असते, त्यामुळे पावसाचं पाणी वर थाळीभर साचून राहतं आणि दोन्ही बुचं त्या पाण्यात बुडतात. ऊन पडलं की आतली हवा तापते आणि बुचाच्या आट्यांमधून थोडी थोडी बाहेर निसटते. मग सर येते. पत्रा झटकन गार पडतो, आतली हवा आकसते आणि ड्रम श्वास ओढतो. त्या क्षणी बुचावर हवा नसतेच, पाणी असतं. आत जातं ते पाणी.

म्हणूनच सतत झड लागलेल्या आषाढापेक्षा उन्हापावसाचा श्रावण ड्रमला जास्त वाईट. दिवसातून चार वेळा ऊन आणि चार वेळा सर, म्हणजे चार वेळा तापणं आणि चार वेळा पाणी पिणं. बूच घट्ट आहे, सील शाबूत आहे, तरीही. गणपतीच्या आधी बदललेलं तेल अशा ड्रममधून आलेलं असेल, तर बदलताना तेलासोबत पाणीही भरलं गेलं.

उपाय बिनखर्चाचा आहे. ड्रम छपराखाली ठेवा. जागाच नसेल तर आडवा करा, दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत, घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी येतील असा. मग बुचावर पाणी साचत नाही, आणि बुचं आतून तेलाने झाकलेली राहत असल्याने हवाही ओढली जात नाही.

तिसरी वाट धुण्याची. पाइपाच्या जोरदार फवाऱ्याचं पाणी ब्रीदरमधून आणि शाफ्टच्या ऑइल सीलच्या कडेने आत शिरतं. रंगकाम त्याहून घातक. ब्रशच्या एका हाताने ब्रीदरची बारीक भोकं बुजतात. मग यंत्र गार होताना हवा ओढायला जागाच उरत नाही, आत निर्वात होतं आणि बाहेर सीलपाशी जे काही ओलं-मळकं असेल ते आत खेचलं जातं. त्याच ब्रशने तेलाची पातळी दाखवणारी काच आणि ग्रीसची निपलंही रंगून जातात. पूजा मनापासून करावीच. धुण्याआधी मात्र ब्रीदरवर प्लास्टिकची पिशवी बांधावी, सीलभोवती ओल्या फडक्याने पुसावं, काचेवर कागद चिकटवावा आणि यंत्र सुरू करण्याआधी ती पिशवी आठवणीने काढावी.

एक ग्लास पाण्याने काय होतं?

अमेरिकेतल्या टिमकेन या बेअरिंग कंपनीतले रिचर्ड कँटली यांनी १९७७ साली तेलातल्या पाण्याचा बेअरिंगच्या आयुष्यावर होणारा परिणाम मोजून त्याचं सूत्र दिलं. तेलात दहा लाखांत १०० भाग पाणी असताना बेअरिंग जितकं टिकतं, त्याच्या सुमारे पाव आयुष्य १००० भाग पाण्याला उरतं. १००० भाग म्हणजे ०.१ टक्का. २०० लिटरच्या टाकीत हे पाणी किती? २०० मिलिलिटर. जेवताना ताटाशेजारी ठेवतो तेवढा एक ग्लास.

एवढंसं पाणी इतकं नुकसान का करतं? बेअरिंगच्या गोळीखाली प्रचंड दाब असतो. त्या दाबात तेल क्षणभर कमालीचं दाट होतं आणि म्हणूनच भार पेलतं. पाण्याला तो गुण नाही. पाण्याचा अंश गोळीखाली आला की तिथला थर कोसळतो. शिवाय गंज चढतो, तेलातली काही रसायनं पाण्याने फुटून निकामी होतात, आणि पृष्ठभागावरच्या बारीक भेगांमध्ये शिरून पाणी त्या भेगा वाढवतं. तेल डोळ्यांना दुधी दिसायला लागतं तोवर यातलं बरंच घडून गेलेलं असतं.

तपासायच्या दोन पद्धती कुठल्याही शेडमध्ये जमतात. पहिली: लोखंडी पत्रा सुमारे १५० अंशांपर्यंत तापवून त्यावर तेलाचा थेंब टाका. पाणी असेल तर थेंब तडतडतो, बुडबुडे येतात. चष्मा लावूनच करा, तेल उडतं. दुसरी: साप्ताहिक सुट्टीनंतर, यंत्र सुरू करण्याआधी, टाकीच्या बुडाचा कॉक हळूच उघडा. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे थांबलेल्या यंत्रात ते तळाशी बसतं. आधी पाणी येईल, मग तेल. तेल दिसलं की कॉक बंद. यंत्र एकदा चालू झालं की सगळं घुसळून एकजीव होतं आणि ही संधी जाते. तेलात चुकून इंजिन ऑइल मिसळलेलं असेल, तर मात्र हा उपाय लागू पडत नाही. इंजिन ऑइलमधली मळ धरून ठेवणारी रसायनं पाण्यालाही धरून ठेवतात, ते तळाला बसूच देत नाहीत.

न दिसणारी धूळ

ज्या धुळीने झीज होते ती डोळ्यांना दिसत नाही. नुसत्या डोळ्यांना ४० मायक्रॉनच्या खालचा कण सहसा दिसत नाही, आणि यंत्रातल्या फटी असतात काही मायक्रॉनच्या. फटीपेक्षा मोठा कण आत शिरत नाही, फार बारीक कण निसटून जातो. फटीच्याच मापाचा कण तिथे अडकतो आणि दोन्हीकडचा धातू खरवडतो. खारघर-तळोजा पट्ट्यात वर्षानुवर्षं बांधकामं चालू आहेत. तिथल्या दगड-सिमेंटच्या धुळीतले कण तेलात उतरले तर पंपाची गय करत नाहीत.

तेलाची स्वच्छता सांगायला आयएसओ ४४०६ या मानकाचे तीन आकडे वापरतात, उदाहरणार्थ १८/१६/१३. एक मिलिलिटर तेलात ४, ६ आणि १४ मायक्रॉनहून मोठे कण किती, ते हे आकडे अनुक्रमे सांगतात. १८ म्हणजे १३०० ते २५०० कण. आकडा एकाने वाढला की कण दुप्पट होतात. म्हणजे १८ चं २२ झालं, तर कण सोळापट.

नव्या ड्रममधलं तेलही हायड्रॉलिकला लागतं तितकं स्वच्छ अनेकदा नसतं. त्यामुळे "सील तोडलं आणि ओतलं" ही पद्धत सोडून नवं तेलसुद्धा फिल्टरमधूनच टाकीत सोडायला हवं. आणि ते कोपऱ्यात पालथं घातलेलं, धुळीने माखलेलं नरसाळं आणि कापलेला कॅन! हजारो रुपयांचं तेल आणून ते अशा कॅनमधून भरताना मी पाहतो, तेव्हा वाईट वाटतं. झाकणाचे डबे, प्रत्येक तेलाला वेगळा रंग, तोच रंग यंत्राच्या भरण्याच्या तोंडाशी: एवढ्याने धूळही आवरते आणि सरमिसळही.

उष्णतेचं थोडक्यात सांगतो. ठरावीक मर्यादेपलीकडे तपमान दर १० अंशांनी वाढलं की तेलाचं हवेशी होणारं ऑक्सिडीकरण साधारण दुप्पट वेगाने होतं, म्हणजे आयुष्य निम्मं. तेल कमी असलं की यंत्र तापतं, हे सगळे जाणतात. जास्त भरलं तरी तापतं, कारण गिअर ते फुकट घुसळत बसतात.

ग्रीस: जास्त म्हणजे चांगलं नव्हे

ग्रीस म्हणजे साबणासारख्या जाळीत धरून ठेवलेलं तेल. "कडेने बाहेर येईपर्यंत मार" ही शिकवण मोटारीच्या बेअरिंगचा घात करते. जास्तीचं ग्रीस घुसळून तापतं, सील फोडतं आणि मोटारीच्या वाइंडिंगवर जाऊन बसतं. किती द्यायचं याचं सोपं सूत्र आहे: बेअरिंगचा बाहेरचा व्यास गुणिले रुंदी, दोन्ही मिलिमीटरमध्ये, गुणिले ०.००५. उत्तर ग्रॅममध्ये येतं. मोटारींमध्ये नेहमी आढळणारं ६३०९ क्रमांकाचं बेअरिंग घ्या. व्यास १००, रुंदी २५, म्हणजे साडेबारा ग्रॅम. आपली ग्रीस गन एका दाबात किती ग्रॅम सोडते ते एकदा काट्यावर मोजून गनवरच लिहून ठेवा. मग अंदाज राहत नाही.

दोन ग्रीस एकाच रंगाची आहेत म्हणून एकच असतात असं नाही. रंग कंपनी घालते. लिथियम साबणाच्या ग्रीसवर पॉलियुरियाचं ग्रीस मारलं, तर अनेकदा दोन्ही मिळून पातळ होतात आणि बेअरिंगमधून वाहून जातात.

तळोज्यात मासळी प्रक्रियेचे आणि शीतगृहांचे बरेच कारखाने आहेत. तिथे खाद्यपदार्थाला चुकून लागण्याची शक्यता असलेल्या जागी 'एच-१' वर्गातलंच वंगण वापरावं लागतं. ते बहुधा शुद्ध पांढऱ्या तेलापासून किंवा कृत्रिम तेलापासून बनवतात.

बाटलीतला नमुना वाचताना

तेल कधी बदलायचं हे तारखेवरून ठरवण्यापेक्षा तेलालाच विचारणं चांगलं. रेल्वेने हे फार आधी ओळखलं. अमेरिकेत १९४० च्या दशकात डिझेल इंजिनांच्या तेलातले धातू वर्णपटाने तपासायला सुरुवात झाली. आपल्या डिझेल शेडमध्येही ही 'स्पेक्ट्रो' तपासणी वर्षानुवर्षांची आहे.

नमुना घेण्याची जागा आणि वेळ यावर सगळा अहवाल अवलंबून असतो. यंत्र चालू असताना, तेल कोमट-गरम असताना, दर वेळी त्याच जागेवरून, आधी थोडं तेल सोडून देऊन मग कोरड्या स्वच्छ बाटलीत. बुडाच्या कॉकमधून घेतलेल्या नमुन्यात गाळच जास्त येतो.

अहवालातले आकडे सुटे वाचायचे नसतात. लोह वाढलं म्हणजे गिअर किंवा बेअरिंग. तांबं आणि कथील एकत्र वाढले, तर वर्म गिअरबॉक्सचं काशाचं चाक. सिलिकॉन आणि ॲल्युमिनिअम जोडीने चढले, तर बहुधा बाहेरची धूळ, म्हणजे आधी ब्रीदर आणि सील बघा. एकटं सिलिकॉन चढलं, तर ते सीलंटमधून किंवा फेस रोखणाऱ्या रसायनातूनही आलेलं असू शकतं. आम्लांक चढत गेला, तर तेल ऑक्सिडीकरणाने थकत चाललंय. दाटपणा नव्या तेलापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त हलला, तर कारण शोधलंच पाहिजे. एका अहवालापेक्षा मागच्या चार अहवालांशी ताडून पाहिलेला आकडा कितीतरी जास्त बोलतो.

इथे एक धोका आहे. नेहमीच्या स्पेक्ट्रो तपासणीला साधारण ५ ते ८ मायक्रॉनहून मोठे कण नीट मोजता येत नाहीत. बेअरिंगची खपली निघू लागली की कण मोठे असतात. त्यामुळे अहवाल "सर्व ठीक" म्हणत असताना बेअरिंग फुटत असू शकतं. म्हणून चुंबकी ड्रेन प्लगवर काय चिकटलंय ते बोटावर घेऊन बघावं, जुना फिल्टर कापून त्याच्या घड्या उजेडात धराव्यात. मऊ काळी पूड ही रोजची झीज. चकाकणारे, बोटाला टोचणारे तुकडे दिसले तर यंत्र थांबवावं.

काढलेल्या तेलाचं काय?

तळोजा एमआयडीसीलगत कासाडी नदी आहे. तिच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलेला आहे. वापरलेलं तेल २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. ते साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही आणि अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच नोंद करून द्यावं लागतं. भंगारवाल्याला कॅन भरून देणं बेकायदा आहे. १ एप्रिल २०२४ पासून तर वापरलेलं तेल गोळा होऊन पुन्हा प्रक्रियेत जाईल याची जबाबदारी उत्पादकांवरही आली आहे. तेलाने माखलेलं कॉटन वेस्ट आणि गाळ यांच्यासाठी तळोज्यातच घातक कचऱ्याचं सामाईक केंद्र आहे.

जुन्या तेलावर प्रक्रिया करून त्यातून पुन्हा चांगलं मूळ तेल काढता येतं, पण ते आपण त्यात काय मिसळलंय यावर अवलंबून असतं. त्यात कूलंट, थिनर किंवा सफाईचं द्रावण ओतलं की पुनर्प्रक्रियेचा खर्च वाढतो आणि कधी कधी अख्खा ड्रम जाळण्यापलीकडे पर्याय उरत नाही. तेव्हा काढलेल्या तेलाचा ड्रमही वेगळा, झाकणाचा, छपराखालचा आणि नाव लिहिलेला असावा. तो गळला तरी तेल गटारात जाणार नाही, असा बांध त्याच्याभोवती असावा.